जावई घरात येतो तेव्हा

तीर्थस्वरूप अक्का हिस धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. (हे लिहायची रीत म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच.) तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली का? थोरल्या भाच्याला फोनवर विचारलं तर ‘सगळं मस्त’ म्हणाला, पण त्याच्या सांगण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. छप्पर उडालं तरी तो ‘हवा छान येतेय’ म्हणेल. पट्टी निघाली नसेल तर हे पत्र धाकट्या सूनबाईकडून वाचून घे. थोरलीकडून नको, कारण तुझ्या मनाला लागेल असं काही आलं की ती तेवढं गाळते, आणि या पत्रात तसं बरंच आहे. फोनवर का सांगितलं नाहीस म्हणशील, तर तू फोनवर दुसऱ्या वाक्याला ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि मला मुद्द्यावर यायलाच पाव तास लागतो.

या खेपेला मात्र मुद्दा आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. गेल्या महिन्यात मला या घरातून हलवायचं ठरलं होतं. दोन गल्ल्या सोडून म्हाताऱ्या माणसांसाठी एक इमारत आहे, तिथली खोलीही बघून झाली होती. स्वच्छ खोली, खिडकीत एक कुंडी, आणि खाटेशेजारी भिंतीत घंटेचं बटण, ते दाबलं की कोणीतरी येतं म्हणे. कारण असं की जावईबापूंची खात्री झाली होती, मला त्यांचं तोंडही बघवत नाही. आणि माझी खात्री झाली होती, त्यांना माझं बघवत नाही. मधल्यामध्ये आपली पोर वाळत चालली होती. ती कोणाच्या बाजूने बोलेल? बोलली तर एकाला लागायचं, गप्प राहिली तर दोघांना. ती रुग्णालयात नर्स आहे, दिवसभर दुसऱ्यांची दुखणी काढते आणि घरी येऊन आमचं हे.

आता पहिल्यापासून सांगतो. मी निघालो त्या दिवशी तू मला अंगणात उभं करून बजावलं होतंस की लेकीच्या घरी नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय पाणी पिऊ नये. मी ‘हो’ म्हणालो होतो. इथे पोचल्यावर पोरीने पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी ‘तहान नाही’ म्हणालो. मग मोरीत जाऊन नळाला तोंड लावून प्यायलो. (माझा हिशेब असा की स्वयंपाकघरातलं पाणी घराचं, पण मोरीच्या नळाचं नगरपालिकेचं, आणि नगरपालिकेला काही आपण पोर दिलेली नाही. जेवणाबद्दल तू काही म्हणाली नव्हतीस, म्हणून जेवत होतो.) हा नेम मी बरेच दिवस चालवला. घरात दोघांना वाटत होतं की मला पोटाचा काहीतरी विकार आहे, म्हणून मी सारखा मोरीत जातो. जावईबापूंनी पोरीला हळूच विचारलंही. तिने मला विचारलं, आणि मी विकार कबूल केला, कारण नेम सांगण्यापेक्षा विकार सांगणं सोपं होतं.

या परक्या देशातल्या रीतीभाती पोरीने मला हळूहळू शिकवल्या. पहिली रीत आभारांची. इथे सगळ्यांचे आभार मानतात, तिकीट देणाऱ्याचे, दार धरणाऱ्याचे, घरातल्या माणसांचेसुद्धा. एकदा मी पोरीला मीठ दिलं तर ती मला ‘थँक्यू’ म्हणाली. अक्का, मला इतकं परकं वाटलं की त्या दिवशी भाजी अळणी असूनही मी वर मीठ मागितलं नाही. दुसरी रीत चौकशीची. आपण जिन्यात कोणी भेटलं की ‘कुठे निघालात’ म्हणतो, उत्तराची कोणाला गरज नसते. मी खालच्या मजल्यावरच्या टोपीवाल्या गृहस्थांना माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत तसं विचारलं, तर ते थांबले, टोपी काढली आणि घाबऱ्याघुबऱ्या म्हणाले की दूध आणायला. त्यांना वाटलं, इमारतीतर्फे मला चौकशीला नेमलंय. तेव्हापासून मी दिसलो की ते लांबूनच ओरडून सांगतात, ‘दूध आणायला’. संध्याकाळी हातात पिशवीभर कांदे असले तरी दूध आणायला. तिसरी रीत ‘नको’ची. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे घसा खाकरण्यासारखं असतं, खरं बोलणं त्याच्यानंतर सुरू होतं. इथे एकदा ‘नको’ म्हटलं की भांडं उचलून नेतात. मी पहिल्या महिन्यात बराच उतरलो. पण हे सगळं मी शिकलो, कारण चुकलो तर उपाशी राहायचं, एवढंच त्यात होतं.

जे मला कोणी शिकवलं नाही, ते जावयाचं. जावईबापू इथलेच, भाषा वेगळी, एका शाळेत स्वयंपाकी आहेत. (पोरीने तुला ‘शाळेत असतात’ एवढंच सांगितलं होतं आणि तू सगळ्यांना मास्तर म्हणून सांगितलंस, हे मला माहीत आहे.) शेकडो पोरांचं जेवण करतात, दंडावर भाजल्याचे डाग आहेत, दुपार उलटली की कांद्याच्या वासाने भरलेले घरी येतात, आणि घरी येऊन पुन्हा आमचा स्वयंपाक करतात. वर भांडी घासतात. जावई भांडी घासतोय आणि सासरा सोफ्यावर बसून बघतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आण. माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्यांच्या हातातून घासणी काढून घ्यायला जायचो, ते द्यायचे नाहीत, आणि साबणाच्या फेसात आमची झोंबाझोंबी चालायची. त्यांना वाटायचं, त्यांनी घासलेली भांडी मला स्वच्छ वाटत नाहीत.

आणि आपल्या घरातला शिरस्ता तुला वेगळा सांगायला नको. जावई आला की उठून उभं राहायचं. त्याला चांगली खुर्ची द्यायची आणि आपण आत जायचं. त्याच्याआधी जेवायचं नाही, त्याच्या बरोबरीने बसायचं नाही, काही विचारायचं तर थेट नाही, पोरीच्या मार्फत. मी हे सगळं जिवापाड पाळलं. जावईबापूंची किल्ली दारात वाजली की मी ताडकन उभा. ते आत आले की मी मान लववून माझ्या खोलीत. जेवताना आले तर ताट उचलून मी स्वयंपाकघरात. समोरासमोर असलो तरी मी पोरीला म्हणायचो, यांना विचार, यांना आणखी हवंय का. ते बिचारे माझ्याकडे बघत असायचे आणि मी पोरीकडे. आयुष्यभर मी लोकांच्या घरी वीज मीटर वाचायला गेलो. मला बघून माणसांचे चेहरे कसे पडतात हे मला चांगलं ठाऊक आहे. जावईबापूंचा चेहरा तसा पडायला लागला, आणि मला वाटलं, झालं, यांना माझा जाच होतोय. म्हणून मी आणखी लवकर उठायला लागलो.

मग तेही उठायला लागले. मी बैठकीत असलो तर ते दारातूनच मागे वळत आणि स्वयंपाकघरात उभ्याने जेवत. ते बैठकीत असले तर मी खोलीतून बाहेर पडत नसे. बैठक दोघांसाठी मोकळी सोडलेली आणि दोघंही तिथे नाहीत. मधोमध दिवा जळतोय, माणूस एक नाही. (चाळीस वर्षं मीटर वाचले, पण असा फुकट फिरणारा मीटर बघितला नव्हता.) पोर कामावरून आली की त्या रिकाम्या बैठकीत येऊन बसायची, एकदा या दाराकडे बघायची, एकदा त्या. पुढे पुढे जावईबापू शाळा सुटली तरी उशिरा यायला लागले. एकदा मी खिडकीतून बघितलं, ते खाली कट्ट्यावर नुसते बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या घरात राहतोय त्यालाच आपल्यामुळे घर नकोसं व्हावं, याहून वाईट काय?

शेवटी पोरीने मला ती बटणवाली खोली दाखवली आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला तिथे बरं वाटेल. आम्ही रोज येऊ.’ तिची नजर जमिनीवर होती. आता मी काय केलं, ते ऐक, आणि मला बोल लावू नकोस, कारण तूही हेच केलं असतंस. मी संध्याकाळी दोघांसमोर गेलो आणि म्हणालो, तुम्हाला माझी अडचण होतेय, मी जातो तिकडे. अक्का, आपल्याकडे हे वाक्य थांबवून घेण्यासाठी असतं. तुझ्या घरून निघायला मला नेहमी अंधार पडतो, कारण पहिल्या ‘निघतो’ला कोणी मान वर करत नाही, दुसऱ्याला चहा टाकतात आणि तिसऱ्याला तू माझ्या चपला लपवतेस. मी मनात धरून होतो की पोर म्हणेल, काहीतरीच काय बाबा. जावईबापू हात धरतील. मी आणखी दोनदा ‘जातो’ म्हणेन. आणि मग रडून-भेटून सगळं मोकळं होईल. पोरीने माझं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि माळ्यावरून माझी बॅग काढून दिली. ‘थँक्यू’सुद्धा म्हणाले.

मी बॅग भरली. काय भरलं ते आठवत नाही. नंतर बघितलं तर त्यात पोरीचा टॉवेल आणि बैठकीतली उशी निघाली. दारापर्यंत आलो तर जावईबापूंनी बॅग उचलली आणि जिना उतरायला लागले. आता मला सांग, मी घराबाहेर निघालो असलो म्हणून काय झालं, जावयाला सासऱ्याचं ओझं वाहू देईन का? मी धावत जाऊन बॅगेला हात घातला. ते सोडेनात, मी सोडेना. दोघंही घामाघूम. त्या ओढाताणीत मूठ तुटून माझ्या हातात आली आणि बॅग गडगडत खालच्या मजल्यावर टोपीवाल्यांच्या दाराला जाऊन धडकली. दार उघडलं. टोपीवाल्यांनी एकदा बॅगेकडे बघितलं, एकदा वर माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘दूध आणायला’. दार लावून घेतलं.

कोणी हसलं नाही. जावईबापू मटकन जिन्यातच बसले, डोकं हातांत धरून. मी नेहमीप्रमाणे मागे सरायला लागलो, तर त्यांनी मला हाक मारली. नावाने मारली, इथे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात. आई-बाबा गेल्यावर या नावाने मला हाक मारणारी तू एकटीच उरली होतीस. नातेवाइकांत आणि गावात मी मीटरवालाच. तर मी थांबलो. मग ते आपल्या भाषेत म्हणाले, ‘बसा.’ पोरीने शिकवलेल्या दोन-चार शब्दांतला तो एक. आणि मी बसलो, अक्का. जावयाच्या शेजारी, त्याच पायरीवर.

पोर वरच्या पायरीवर उभी राहून त्यांचं मला आणि माझं त्यांना सांगत होती, मध्येच नाक पुसत होती. त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा होता. यांनी तो सोडून स्वयंपाकघर धरलं, त्यावरून बिनसलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. फक्त त्या दिवसापासून हे खोलीत आले की वडील उठून बाहेर जायचे. जेवताना आले तर ताट उचलून जायचे. बोलायचं असलं तर हे समोर असताना यांच्या आईला सांगायचे, याला विचार. असं वर्षानुवर्षं, शेवटपर्यंत. शेवटी अंथरुणातून उठवेना, तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवायचे. आणि मी काय करत होतो, तर रोज त्यांची किल्ली वाजली की तेच, तसंच, एकही गोष्ट न चुकता. मान म्हणून.

मग मी त्यांना माझ्या सासऱ्यांचं सांगितलं. तुला आठवत असतील, पाठीला पट्टा बांधायचे. मी गेलो की भिंतीला धरून धरून उठायचे, मी बसेपर्यंत उभे राहायचे आणि मग आत निघून जायचे. मी बैठकीत एकटा ऐटीत चहा प्यायचो. वाटायचं, काय थाट आहे आपला. पण त्या माणसाला काय आवडायचं, तरुणपणी तो काय करत होता, मला आजतागायत ठाऊक नाही. एवढी वर्षं त्यांच्या घरी गेलो आणि आठवते ती त्यांची पाठ. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला त्या पायरीवर कळलं. माझ्या एका वाक्याला पोरीला त्यांच्या भाषेतली पाच लागत होती. सगळं ऐकून जावईबापूंनी विचारलं, म्हणजे तुम्ही ताट घेऊन पळायचात, ते प्रेम होतं? मी म्हणालो, प्रेम नाही, मान. प्रेमाचं आता बघू. पोरीने हे तसंच्या तसं सांगितलं असावं, कारण ते पहिल्यांदा हसले. मग आम्ही दोघांनी दोन बाजूंना धरून बॅग वर आणली.

तर असं झालं. खोलीचं त्यांनी दुसऱ्या दिवशी ‘नको’ म्हणून कळवलं, आणि इथल्या रीतीप्रमाणे एका ‘नको’तच काम झालं. डोळ्याला जप, धुराजवळ बसू नकोस, थेंब घालायला विसरू नकोस. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि थोरल्या भाच्याला म्हणावं, सगळं मस्त आहे.

तुझा धाकटा

ता. क. : बसून राहण्याचा सराव चालू आहे. वाटतं तितकं सोपं नाही. किल्ली वाजली की पाय आपोआप उठतात, मला विचारत नाहीत. जावईबापूंनी यावर उपाय काढला. शाळेतून मोठं पातेलं भरून वाटाण्याच्या शेंगा आणतात, घरातून निघायच्या आधी पातेलं माझ्या मांडीवर ठेवतात आणि बजावतात की सोला. उठलो तर शेंगा सांडतात, म्हणून उठता येत नाही. माझं बसणं बरंच सुधारलंय, पण शाळेतली पोरं वाटाण्यांना कंटाळली आहेत असं कळतं.

आणखी ता. क. : मोरीचं पाणी सोडलं. आता स्वयंपाकघरातलं पितो, जावईबापू स्वतः पेला भरून देतात. तुला दिलेलं वचन मोडलं, त्याचं पाप माझ्या माथी. पोटाचा विकार बरा झाला म्हणून घरात सगळ्यांना आनंद आहे.

शेवटची ता. क., आणि पत्र लिहायचं कारण खरं म्हणजे हेच : शाळेला सुट्टी लागली की आम्ही तिघं तुझ्याकडे येणार आहोत. तिकिटं झाली आहेत. मला या प्रवासात धास्ती आहे ती तुमच्या सगळ्यांची. तू स्वतःच्या जावयाशी अजून दाराआडून बोलतेस. पाहुणा दिसला की थोरला भाचा टुणकन उभा राहतो. सुना तर आतच पळतात. घरभर माणसं आणि आमचा हा जावई दारात आल्याबरोबर सगळी उठून गेली, तर तो काय समजेल ते आता तुला कळलंच आहे. मी त्याला समजावलंय, पण समजावलेलं अशा वेळी उपयोगाला येत नाही, हे मी पायांवरून सांगतो. तेव्हा सगळ्यांना ताकीद दे. लोक म्हणतील, काय माणसं आहेत, नवा जावई आला तरी कोणी जागचं हललं नाही. म्हणू देत. आणि तू, अक्का, तो आला की खाटेवरून उठू नकोस, पदर ओढून आत वळू नकोस. नुसती थोडी सरक, आणि शेजारी जागा कर.